गोल भोक, चपटा शाफ्ट

शाळकरी मुलांच्या रोबोटमध्ये हटकून दिसणारी पिवळी ‘बीओ मोटर’ म्हणजे छोटी मोटर आणि तिला जोडलेला प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स. आतली मोटर चिमटीत धरली तरी थांबते. पण गिअर १:४८ असले, की ती ४८ वेळा फिरते तेव्हा बाहेरचा शाफ्ट एकदा फिरतो. वेग घटतो, घर्षणात जाईल ते सोडून पीळ त्याच पटीत वाढतो.

या शाफ्टला लांब दांडा जोडायचा, तर पहिला मोह गोंदाचा. तो टिकत नाही. शाफ्टचा व्यास सुमारे ५.४ मिलिमीटर. पीळ १ किलो-सेंटिमीटर धरला, तर केंद्रापासून २.७ मिलिमीटरवर, म्हणजे नेमका जोडावर, पावणेचार किलोंच्या आसपास जोर येतो; चाक अडले की बसणारे झटके वेगळेच. म्हणून तर शाफ्ट दोन्हीकडून चपटा, ३.७ मिलिमीटर केलेला असतो. कुऱ्हाडीचे भोक लांबट असते, तेही दांडा आत फिरू नये म्हणूनच. जोडही तसाच, चपट्या भोकाचा हवा. याच मोटरीच्या जुन्या चाकाचा तुंबा कापून घेतला, तर भोक आयतेच मिळते. स्क्रूचे काम तो निसटू न देण्यापुरते.

दांड्याचे वजन मात्र गिअरबॉक्सवर टाकू नये. पलीकडच्या टोकाला बुश द्यावा. आता बुश आणि गिअरबॉक्स केसभर जरी वाकडे बसले, तरी कडक जोड प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकवतो. मध्ये जाड रबरी नळीचा तुकडा क्लिपने आवळला, तर वाकण्याचे काम नळी करते. फार जोर आला तर ती घसरते, हेही बरेच. नळी पुन्हा बसवता येते, गिअरचा तुटलेला दात नाही.