बांधावरील तरवड आणि वांग्याचा मळा

सोलापूर, अहिल्यानगर किंवा सांगलीच्या पूर्व भागातील शेतकऱ्यास तरवड लावण्याचा सल्ला दिल्यास त्याला हसू येईल. अवर्षणाला दाद न देणारे हे झुडूप तेथे माळावर आपोआप उगवते. नवरात्रात घटाच्या माळेसाठी त्याची पिवळी फुले खुडली, की पुन्हा त्याकडे कोणी पाहत नाही. तथापि यंत्राने बांध कोरणे व तणनाशक फवारणे वाढले, तसा कित्येक शिवारांतील तरवड नाहीसा होत चालला आहे. त्याबरोबर काळ्या भुंग्याचे अन्न जाते, आणि ही हानी वांग्याच्या मळ्यात जाणवते.

याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. बहुतेक फुलांचे परागकोश उकलून पराग मोकळा होतो. तरवडाचे परागकोश तसे उकलत नाहीत. त्यांच्या टोकास केवळ बारीक छिद्र असते. भुंगा फुलास घट्ट धरून छातीचे स्नायू थरथरवितो, तेव्हा त्या छिद्रांतून पराग झडतो. मधमाशीस हे साधत नाही. वांग्याचे परागकोशही असेच असतात. वांग्यात स्वपरागण होत असले, तरी भुंग्यांच्या येण्याने फळधारणा सुधारते. मात्र तरवडाच्या फुलात मध नसतो. म्हणून मधासाठी जवळपास रुई व शेवगा असू द्यावा.

वाळलेल्या शेंगांतील बी टणक कवचाचे असते. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवून त्यात ते टाकावे व रात्रभर ठेवावे. फुगलेले बी पाऊस सुरू झाल्यावर बांधाच्या उतारावर सुमारे एक मीटर अंतराने टोकावे. पहिल्या वर्षी भोवतालचे गवत काढावे. जनावरे हा पाला सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. बहर ओसरल्यावर छाटणी करावी. छाटलेला पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. कातडी कमावण्यासाठी साल सोलण्याचा मोह मात्र टाळावा.

भुंगा वाळलेल्या लाकडात घर करतो. घराच्या वाशास भोके पाडतो म्हणून त्यास मारले जाते, हे समजण्यासारखे आहे. परंतु वासा रंगवून घ्यावा आणि बांधावर वठलेले खोड किंवा बांबूचे तुकडे ठेवावेत. वांग्यावर औषध मारणे अपरिहार्यच असेल, तर ते भुंगे परतल्यानंतर, सायंकाळी मारावे.