बैठक नसलेली सायकल

मराठीत आपण सायकलवर बसतो. मारतो नंतर, आधी बसतो. पण जिच्यावर बसायचेच नाही अशीही एक सायकल असते आणि गेल्या उन्हाळ्यात एडिंबरामध्ये मी तिच्यापायी दीड महिना घालवला, हे बँकेतल्या माझ्या जुन्या मित्रांना पटवताना फार त्रास झाला. मी स्वार नव्हतो हे सांगायला नकोच. मी तिच्या शेजारी स्टुलावर, हातात पाना घेऊन.

या खेळाला स्ट्रीट ट्रायल्स म्हणतात. खडकाळ जागेतून, पाय जमिनीला न टेकवता मोटारसायकल नेण्याच्या 'ट्रायल्स' नावाच्या जुन्या स्पर्धा आहेत. स्पेनमधल्या कॅटालोनियात पेरे पी या मोटारसायकलपटूने १९७० च्या दशकात आपल्या ओट या मुलाला त्याच कसरती सायकलवर शिकवल्या. मुलगा पुढे जगज्जेता झाला. खडकांच्या जागी शहरातले कठडे, पायऱ्या आणि कुंपणे घेतली की झाला स्ट्रीट ट्रायल्स. जगाला तो कळला डॅनी मॅकअॅस्किलमुळे. हा स्काय बेटावरचा तरुण एडिंबरातल्या एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. एप्रिल २००९ मध्ये त्याची पाचसहा मिनिटांची चित्रफीत इंटरनेटवर आली. तिच्यात तो अणकुचीदार गजांच्या लोखंडी कुंपणावर, थेट त्या टोकांवर सायकल चढवतो आणि चालवतो. लोक त्याच्या धाडसाबद्दल बोलतात. तो मेकॅनिक होता हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझा नातू पंधरा वर्षांचा. त्याने साठवलेल्या पैशांतून अशी एक जुनी सायकल घेतली. चाके २४ इंची, सीट तळहाताएवढी आणि गुडघ्याच्याही खाली, गिअर एकच, स्प्रिंगा कुठेही नाहीत. पायडलवर पाय घसरू नये म्हणून बारीक खिळे असतात. मी पोचलो त्याच्या आदल्या आठवड्यात तो पडला होता आणि त्या खिळ्यांनी नडगी वीतभर सोलून काढली होती. मुलीने हुकूम काढला होता, सायकल विकून टाक. "बाबा, तुम्ही तरी सांगा त्याला," असे मला सांगण्यात आले. नातू एवढेच म्हणाला, "आबा, मी नाही चुकलो. ती सरकली."

'ती सरकली' हे वाक्य मी बँकेत पस्तीस वर्षे वेगवेगळ्या रूपांत ऐकलेले आहे. आकडा आपोआप सरकत नाही. पण म्हणून माणूस खोटे बोलतो असेही नसते. कुठेतरी एक नोंद चुकलेली असते आणि ती शोधावी लागते. तेव्हा तह झाला: सायकल भरवशाची होईपर्यंत फुटपाथच्या कडेपेक्षा उंच काहीही चढायचे नाही. आणि आम्ही दोघे इमारतीमागच्या सामाईक हिरवळीवर, पाऊस नसेल त्या तासात, कामाला लागलो.

पहिला ब्रेक. आपल्या सायकलीला ब्रेक थांबायला असतो; हिला तो उभे राहायला असतो. स्वार पुढचे चाक उचलतो, मागच्या चाकावर तोल धरतो आणि तिथल्या तिथे उड्या मारतो. हे सगळे मागचे चाक ठार बंद असेल तरच. ते दोन बोटे जरी फिरले तरी सायकल पायांखालून पुढे पळते आणि स्वार मागे आपटतो. नातू असाच पडला होता. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारा, रिमला दोन्हीकडून आवळणारा. ही मंडळी रिमच्या कडा मुद्दाम ग्राइंडर फिरवून खरखरीत करतात, म्हणजे रबर चावते. (त्याचा आवाज असा, की शेजारच्या आजीबाई खिडकी लावून घेत.) आमची रिम झिजून गुळगुळीत झाली होती आणि डावे रबर वरच्या काठानेच टेकत होते. रिम पुन्हा खरखरीत करून आणली, रबरे सपाट बसवली. मग ब्रेकची दांडी. ती मुठीपासून थोडी आत सरकवली, म्हणजे एकटी तर्जनी दांडीच्या टोकावर पडते आणि तेवढ्याच जोरात दाब जास्त मिळतो. तिचा कोन मात्र सरळ उभे राहून ठरवता येत नाही. नातवाला मागच्या चाकावर, ढुंगण पार मागे टाकून उभे केले, मी हॅन्डल धरले, आणि त्या अवस्थेत मनगट न मुरगळता बोट जिथे जाईल तिथे दांडी आवळली.

दुसरी चेन. मागच्या चाकावर उभा असलेला स्वार ब्रेक सोडतो, पायडलला एक जबर लाथ देतो आणि त्या झटक्यावर भिंतीवर चढतो. त्या क्षणी चेन एक दात जरी घसरली तरी गुडघा हॅन्डलवर आणि तोंड भिंतीवर. साध्या फ्रीव्हीलमध्ये समजा अठरा खाचा असतील, तर पायडल २० अंशांपर्यंत मोकळेच फिरू शकते आणि मग पकडते. ट्रायल्सच्या चांगल्या फ्रीव्हीलमध्ये १०८ टप्पे असतात, म्हणजे जेमतेम सव्वातीन अंश. आमच्या गल्लीतला सायकलवाला फ्रीव्हीलमधल्या पकडणाऱ्या खिट्ट्यांना 'कुत्री' म्हणायचा. नातवाला हा शब्द बेहद्द आवडला. त्याची कुत्री शाबूत होती. चेन ढिली होती. या सायकलीत अॅक्सलच्या दोन्ही टोकांना गोगलगायीच्या आकाराच्या चकत्या असतात. त्या फिरवल्या की चाक मागे सरकते आणि चेन ताणली जाते. दोन्हीकडे सारखे फिरवायचे, नाहीतर चाक तिरके. शिवाय चेनव्हील कधीच अगदी गोल नसते, म्हणून पायडल सावकाश पुरते फिरवून चेन कुठे सर्वांत घट्ट होते ते पाहायचे आणि तिथे दोनचार मिलिमीटर जीव ठेवायचा. यात एक अख्खी दुपार गेली. माझ्या मते ती सुट्टीतली उत्तम दुपार होती.

हवेचे गणित सोपे दिसते आणि नसते. कमी हवेचे चाक दगडावर छान बसते, उसळत नाही; पण जोरात उतरले की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि साप डसल्यासारखी दोन भोके पडतात. हवा जास्त झाली की चाक चेंडूसारखे उडते. हॅन्डलचेही तसेच. खाली स्पेसरच्या कड्या घालून ते उंच केले तर पुढचे चाक सहज उचलते. किंचित पुढे फिरवले तर मागच्या चाकावर उभे राहिल्यावर हात मोकळे राहतात, पण उचलायला कष्ट पडतात. सर्वांना लागू पडणारे माप नाही.

नातवाचा हट्ट होता की सगळे एकदमच बदलू या. तिथे मात्र मी मॅनेजरसारखा वागलो. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर आम्ही सगळी खाती एकदम खोडत नव्हतो. फरकाला नऊने भाग जातो का पाहायचे. गेला तर कुणीतरी ६३ चे ३६ केले असण्याचा संभव. नऊची गंमत त्याला त्या दिवशी सायकलीपेक्षा जास्त आवडली, आणि सायकलही ट्रायल, ताळेबंदही ट्रायल, यावर तो बराच वेळ हसला. मग आम्ही वही घातली: तारीख, काय बदलले, आधी किती, नंतर किती, शेरा. एका वेळी एकच बदल, तोही थोडा. हवा दोन पौंड, दांडी एक रेघ. मग त्याच पायरीवर दहा उड्या आणि मगच शेरा. हॅन्डल आम्ही तीनदा बदलले आणि शेवटी होते तिथेच आणून ठेवले. वहीत त्याचीही नोंद आहे.

एका रात्री जेवणानंतर मुलीने मार्टिन अॅश्टनचे नाव काढले. हा ब्रिटनमधला नामांकित ट्रायल्सपटू. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला प्रेक्षकांसमोर प्रयोग करताना तीन मीटर उंचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पुढे तो खास बनवलेल्या, बसायच्या सायकलीवरून डोंगर उतरला, हे नातवाने लगेच सांगितले. "त्याची सायकल काय बिघडलेली होती?" मुलीने मला विचारले. "तुम्ही सगळं नीट करून द्याल बाबा, आणि मग हा आणखी उंच चढेल. त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सायकल सरकते म्हणून होणारे पडणे पाना थांबवतो. पंधरा वर्षांच्या मुलाची नजर कुठल्या भिंतीवर जाते ते नाही. मी तिला इतकेच म्हणालो, की सरकणारी सायकल विकून टाकली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाखाली सरकेल. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मात्र हिरवळीवर आली, तर्जनीने ब्रेक दाबला, आणि दुसऱ्या हाताने सायकल जोर लावून ढकलून पाहिली. चाक हलले नाही. तिने पुन्हा ढकलले.

मी पुण्याला परतलो. वही तिकडेच आहे; नातू अधूनमधून पानाचा फोटो फोनवर पाठवतो. परवाच्या पानावर मागच्या रबरांची झीज आणि चेन पाव फेरा ताणल्याची नोंद होती. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या मोडक्या मराठीत 'बरं', आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, निळ्या शाईत, तिची सही आणि 'भिंत फक्त दोन फूट'.