जुन्या मोटारीसाठी दुसरे इंजिन

मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवून दिलेले आहे. ‘प्रीमियर पद्मिनी’ जातीच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची नोंदणी २००३ साली झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून या शहरातील पद्मिनी टॅक्सी इतिहासजमा झाली. खाजगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजून शिल्लक आहेत. काही वाड्यांच्या अंगणात, काही गॅरेजच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली, तर काही चांगल्या चालत्या स्थितीत. वडिलांनी घेतलेली गाडी मोडीत काढायची नाही, ती पुन्हा मूळ रूपात आणायची, असा निश्चय करणारी माणसे देशभर आढळतात. पत्रा, रंग, बैठका ही कामे पैसा आणि चिकाटी यांच्या बळावर होतात. खरी अडचण उभी राहते ती इंजिनाची.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीतील फियाट कंपनीच्या आराखड्यानुसार या मोटारी तयार होत. १९६४ साली आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच पुढे १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसी क्षमतेचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, त्यावरचे हेड अॅल्युमिनियमचे. ही मापे ज्याला तोंडपाठ आहेत त्याची बाजारात सहसा फसवणूक होत नाही, असे जुने मिस्त्री सांगतात. आणि त्यात बरेच तथ्य आहे.

इंजिन शोधायला निघण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक असते. आपले जुने इंजिन खरोखरच निकामी झाले आहे काय? धूर मारणारे, तेल खाणारे, चढणीवर दम टाकणारे इंजिन झिजलेले असते. ते मेलेले नसते. झिजलेले सिलिंडर यंत्रावर किंचित मोठे करून त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. या कामाला बोअर करणे म्हणतात. क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होणारी हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा, घासून त्याला कमी मापाची बेअरिंगे घालता येतात. पडून राहिल्यामुळे जाम झालेले इंजिनही पुष्कळदा तेलात भिजवून, धीराने सोडवता येते. ब्लॉकला भेग गेली असेल, पिस्टनचा दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा बोअर करण्याची मर्यादा पूर्वीच संपलेली असेल, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार योग्य ठरतो.

ही घाई न करण्याचे कारण केवळ खर्चाचे नाही. मोटारीची ओळख दोन क्रमांकांवर उभी असते: एक सांगाड्यावरचा, म्हणजे चासीचा क्रमांक आणि दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक. दोन्ही क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आपण ज्याला ‘आर. सी. बुक’ म्हणतो त्यात, लिहिलेले असतात. ब्लॉक बदलला की गाडी आणि कागद यांची फारकत होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांविषयी तरतूद आहे. इंजिन बदलायचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीवाचून इंजिन बदलले गेले असेल, तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्रमाणपत्र व शुल्कासह ते कळवावे लागते. नोंद न केलेली गाडी रस्त्यावर तपासणीत अडकते, विकताना अडकते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही वाद निर्माण होतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. या गाड्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही नोंदणी मिळण्यासाठी गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. म्हणूनच आज सोयीखातर बसवलेले भलतेच इंजिन उद्या या नोंदणीच्या आड येऊ शकते.

भलत्या इंजिनाचा मोह पडतो, हेही खरे. प्रीमियर कंपनीच्याच ‘११८ एन. ई.’ या मोटारीत निस्सान कंपनीच्या आराखड्याचे ११७१ सीसीचे इंजिन होते. तेही गाडीच्या लांबीला समांतर बसणारे आणि मागची चाके फिरवणारे असल्यामुळे ‘थोडी कापाकापी केली की बसते’ असा सल्ला सहज मिळतो. परंतु ही थोडी कापाकापी आधाराचे कंस, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटरचे पाइप, सायलेन्सर आणि विजेच्या तारा अशी वाढत जाते. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधणे कष्टाचे असले तरी शेवटी तेच स्वस्त पडते.

असे इंजिन मिळते कोठे? मुंबईत कुर्ल्याच्या परिसरातील सुट्या भागांची दुकाने, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टै, कोलकात्यात मल्लिक बाजार ही जुन्या सुट्या भागांची नावाजलेली ठिकाणे आहेत. जुन्या गाड्यांचे शौकीन आणि निवृत्त टॅक्सीचालक यांच्याकडूनही पत्ते लागतात. टॅक्सीतून निघालेले इंजिन मात्र अधिक सावधपणे पाहावे लागते. ते दिवसरात्र चाललेले असते आणि मुंबईतील टॅक्सी पुढे सीएनजीवर धावू लागल्या होत्या. हा वायू कोरडा असतो आणि त्यावर दीर्घकाळ चाललेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात. हेडला नव्या बैठका बसवता येत असल्यामुळे एवढ्यावरून इंजिन नाकारण्याचे कारण नाही. किंमत ठरवताना मात्र ते लक्षात घ्यावे.

आता पाहणीकडे वळू. विक्रेता बहुधा इंजिन चालू करून दाखवतो आणि ‘आवाज ऐका, घड्याळासारखे चालते’ असे म्हणतो. या प्रात्यक्षिकाला फार महत्त्व देऊ नये. दाट तेल भरले की झिजलेल्या बेअरिंगांचा आवाज दबतो. ग्राहक येण्याआधी इंजिन तापवून ठेवले की थंड असतानाची खडखड ऐकू येत नाही. म्हणून जाणकार प्रथम ब्लॉकला हात लावून पाहतात; तो थंड असेल तरच पुढची पाहणी सुरू होते.

पहिली गोष्ट म्हणजे क्रँक हाताने फिरते की नाही, हे पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून पाहणे. दोन पूर्ण फेऱ्या कोठेही न अडता झाल्या पाहिजेत. पुली पुढे-मागे ढकलली असता ठळक हालचाल जाणवली, तर क्रँकची बाजूची बेअरिंगे झिजलेली असतात. तेल भरण्याचे झाकण उघडून आतून पाहावे. तेथे लोण्यासारखा पांढुरका थर असेल, तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या इंजिनात नुसत्या दमटपणानेही असा थर धरतो. तेव्हा तेल काढून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या पोकळीवर बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या असतात. त्या कुजलेल्या असतील, तर आतल्या गंजाचा अंदाज येतो. भेग बहुधा त्यांच्या आसपास किंवा हेडच्या बोल्टांजवळ सापडते. नुकताच चकचकीत रंग दिलेला ब्लॉक या दृष्टीने अधिक संशयास्पद. मळका, तेलकट ब्लॉक खरे बोलतो.

त्यानंतर दाबाची, म्हणजे कॉम्प्रेशनची चाचणी. चारही स्पार्क प्लग काढून, कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडी ठेवून, स्टार्टरने इंजिन फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या छिद्रात मापक लावून दाब मोजतात. येथे आकडा किती मोठा आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे अधिक महत्त्वाचे असते. एका सिलिंडरचा दाब फार कमी आला, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरचा, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजलेली असते. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी आला, तर मधले हेड गॅस्केट फाटलेले असण्याचा संभव असतो. थोडक्या साधनांत इतके सांगणारी दुसरी चाचणी नाही.

हेड काढण्यास विक्रेता तयार असेल, तर उत्तमच. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते. पिस्टन वर येतो तेथे दाब सर्वांत जास्त आणि वंगण सर्वांत कमी, म्हणून वरच्या भागात कडा तयार होते. ती बोटाच्या नखाला ठसठशीत लागली, तर बोअर करण्यावाचून गत्यंतर नाही. मापकाने वरचा आणि खालचा व्यास मोजावा. व्यास ६८ मिलिमीटरपेक्षा आधीच बराच मोठा असेल, तर त्या ब्लॉकचे काम पूर्वी झालेले आहे आणि पुढच्या मापाचे पिस्टन मिळतील की नाही याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी लागते. उघड्यावर, बांधकाम न पाहता घेतलेले इंजिन म्हणजे केवळ ब्लॉक, हेड आणि क्रँक यांची किंमत, असे धरूनच घासाघीस करणे इष्ट होय. पुनर्बांधणीचा खर्च वेगळा.

धातूइतकीच कागदांची तपासणी महत्त्वाची आहे. क्रमांकाची जागा घासलेली, अंक वेडेवाकडे किंवा कमीअधिक खोल असतील, तर किंमत कितीही कमी असो, तो व्यवहार सोडून द्यावा. उत्तर प्रदेशात मेरठ येथील सोतीगंज हा बाजार चोरीच्या गाड्या सुट्या करून विकण्यासाठी कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तेथील दुकाने बंद केली. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे मानण्यास कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तेव्हा इंजिन क्रमांक लिहिलेली पावती, ज्या गाडीतून ते निघाले तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ती नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा विक्रेत्याकडून मागावा. २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडतोड केंद्रे वाहन मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र देतात. तेथून आलेल्या मालाला हा आधार असतो. ‘पावती कशाला, विश्वास ठेवा’ असे म्हणणाऱ्या दुकानदारासमोर बहुतेक ग्राहक संकोचतात. खरे तर संकोच दुकानदाराला वाटायला हवा.

व्यवहार ठरला की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, स्टार्टर आणि आधाराचे कंस ही साथीची अंगे किमतीत धरून घ्यावीत. ती नंतर एकेक करून शोधताना इंजिनाइतकाच वेळ जातो. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढलेले असल्यामुळे पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या व पंपातील पडदा बदलूनच इंजिन बसवावे.

राहता राहिला मूळ ब्लॉक. तो भंगारात वजनावर विकण्याची रीत आहे. चार पैसे मिळतात आणि गॅरेजमधली जागा मोकळी होते. पण त्याच्यावर गाडीसोबत कारखान्यातून आलेला क्रमांक असतो आणि बिडाची भेग सांधणारे कारागीर अजून आहेत. म्हणून काही मालक तो पुसून, उघड्या भागांना ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून लाकडी फळीवर ठेवून देतात.