पिठातल्या किड्याची संरक्षणनीती

दिवाळीच्या फराळासाठी डबे उपसले की पार्ल्यातल्या अनेक घरांत पावसाळाभर पडून राहिलेल्या कणकेत तीन-चार मिलिमीटरचे तांबूस किडे सापडतात. शास्त्रीय भाषेत हा ट्रायबोलियम, पिठातला तांबडा भुंगेरा. आपण पीठ चाळतो आणि त्याला फेकून देतो. डॉ. दीपा आगाशे यांनी मात्र त्याच्याकडून उत्क्रांतीची उत्तरे मिळवली. टेक्सास विद्यापीठातल्या डॉक्टरेटसाठी त्यांनी हाच किडा निवडला. नव्या अन्नावर जगायची वेळ आली, तर समूहातले जनुकीय वैविध्य त्याला कसे तारते, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे हार्वर्डमध्ये जिवाणूंवर काम करून त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरूतल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आल्या, आणि तिथे किडा व जिवाणू हे दोन्ही धागे एकत्र आले.

कीटक जंतूंशी कसा लढतो, या त्यांच्या नव्या कामाला मोठी पार्श्वभूमी आहे. कीटकाच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तरीही तो जंतूंनी भरलेल्या जगात टिकतो. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांच्या गटाने 1981 मध्ये एका पतंगाच्या कोषातून जंतुनाशक प्रथिने वेगळी केली. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ब्रुनो लमेत्र आणि ज्यूल हॉफमन यांनी 1996 मध्ये दाखवले, की टोल नावाचे जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे हतबल होते. आपल्या पेशींतही याच घराण्यातली प्रथिने पहारा देतात, हे पुढे उलगडले. 2011 च्या नोबेल पारितोषिकात हॉफमन यांचा वाटा होता. महाराष्ट्रात पुण्याच्या आयसरमध्ये डॉ. गिरीश रत्नपारखी फळमाशीतल्या या टोल-संदेशयंत्रणेचे नियंत्रण कसे चालते, हे अभ्यासतात.

आगाशे आणि त्यांचे सहकारी इम्रोझ खान व अरुण प्रकाश यांनी वेगळा प्रश्न विचारला: प्रतिपिंडे नसलेल्या जिवाला एकदा भेटलेला जंतू लक्षात राहतो का? राहतो. आधी मेलेले जंतू टोचले, तर नंतरच्या जिवंत जंतूंच्या हल्ल्यातून काही किडे अधिक संख्येने वाचतात. मात्र निरनिराळ्या ठिकाणच्या समूहांत आणि अळी व प्रौढ अशा अवस्थांत ही क्षमता कमी-जास्त असते.

मग ही क्षमता घडते कशी? त्यांनी भुंगेऱ्यांच्या समूहांना 11 पिढ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी जिवाणूला तोंड द्यायला लावले. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी मृत आणि मग जिवंत जिवाणू टोचलेल्या समूहांत मुळातलाच प्रतिकार वाढला, आणि तो बीटीच्या अनेक वाणांपुढे टिकला. ज्यांना थेट जिवंत जिवाणूंचा मोठा डोस मिळाला, त्यांच्यात स्मृतीसारखी क्षमता आली, पण ती तुलनेने दुबळी आणि ठरावीक वाणापुरतीच होती. एका समूहात तर आधी स्मृती आली आणि मागाहून मूळ प्रतिकार. शत्रू एकच, पण त्याच्याशी गाठ कशी पडते यावर वंशाची वाट ठरली.

आणि प्रतिकाराची किंमतही मोजावी लागते. खान, आगाशे आणि येन्स रोल्फ यांनी पिठातल्याच दुसऱ्या एका भुंगेऱ्यावर दाखवले, की तरुणपणी चेतवलेली प्रतिकारयंत्रणा त्याच्या मूत्रपिंडासारखे काम करणाऱ्या नलिकांना इजा करते आणि आयुष्य घटवते. आज जीव वाचवणारे हत्यार उद्या त्याच जिवाला वार्धक्याकडे लोटते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. बीटीच्याच विषाचे जनुक घातलेला कापूस भारतात 2002 पासून पिकतो, आणि गुलाबी बोंडअळी त्या विषाला दाद देईनाशी झाली, याची झळ विदर्भातल्या शेतकऱ्याने सोसली आहे. तिथला प्रतिकार विषाविरुद्धचा, प्रयोगशाळेतला जिवाणूविरुद्धचा, म्हणून दोन्ही एक नव्हेत. पण धडा समान आहे: आपण कीटकावर जो दबाव आणतो, त्याच्या स्वरूपावर त्याचे उत्तर ठरते. त्यामुळे नवे कीडनाशक आणताना ते किती मारते याच्या जोडीने, वाचलेल्यांची पुढची पिढी कशी असेल, हेही विचारले पाहिजे.

असे प्रश्न विचारायला अवाढव्य यंत्रे लागतातच असे नाही. बरण्या, कणीक, थोडे यीस्ट, स्थिर तापमान आणि पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवण्याची चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. पार्ल्यातल्या महाविद्यालयांतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा किडा पाळावा, मोजावा, त्याला प्रश्न विचारावेत. मूलभूत विज्ञान आपल्या उपनगरातही पाय रोवू शकते, आणि त्यासाठी पैसा व वेळ देणे हे समाज म्हणून आपले काम आहे.