कष्टकरी हातांना जडणारी ॲलर्जी

काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या महिलांची बोटे काळवंडलेली दिसतात. टरफलातील दाहक तेल हे त्याचे कारण. काजू आणि बिबा ही एकाच कुळातील झाडे. बिबा उतल्यावर अंगाची काय अवस्था होते, हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही.

कामामुळे होणारे असे त्वचाविकार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला साधा दाह. साबण, सततचे पाणी किंवा ओले सिमेंट यांमुळे तो कोणालाही होऊ शकतो आणि संपर्क टळला की सहसा ओसरतो. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. वर्षानुवर्षे निर्धोक वाटलेल्या पदार्थाला शरीराची प्रतिकारशक्ती एकाएकी शत्रू मानू लागते. पुढे त्याचा अल्पसा अंशही पुरळ उठण्यास पुरेसा ठरतो आणि ही प्रवृत्ती बहुधा आयुष्यभर टिकते. हातचा व्यवसाय सोडण्याची वेळ येते ती यामुळेच.

गवंड्यांना सिमेंटमधील क्रोमियम, केशकर्तनकारांना केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी हे रसायन, परिचारिकांना रबरी हातमोजे, तर शेतकऱ्यांना गाजर गवत बाधते. पुरळ बहुधा संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उठत असल्याने खरे कारण लक्षात येत नाही. सुट्टीत त्रास कमी होऊन कामावर परतताच तो वाढत असेल, तर ती महत्त्वाची खूण समजावी. निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढील काही दिवसांत पुन्हा तपासतात.

प्रतिबंधाचा पहिला उपाय म्हणजे घातक पदार्थच बदलणे किंवा त्याचा स्पर्श टाळणे. हातमोजे कामानुसार निवडावेत. केस रंगवताना नायट्राइलचे मोजे घालावेत आणि एकदा वापरलेले पुन्हा घालू नयेत. सिमेंटच्या कामात कापडी मोजे भिजून उलट अपाय करतात. तेथे पाणी न शिरणारे मोजे हवेत. रॉकेल किंवा थिनरने हात धुण्याची सवय सोडावी. सौम्य साबणाने हात धुऊन, कोरडे करून मलम किंवा खोबरेल तेल लावावे.

औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली स्टेरॉइडयुक्त मलमे खाज तात्पुरती दडपतात. मूळ कारण मात्र तसेच राहते. हातांवर पोट असणाऱ्यांनी पहिल्याच पुरळाची दखल घेणे म्हणूनच हिताचे.