ओल दिसली पाहिजे

चित्रकलेच्या वर्गात प्रात्यक्षिक सुरू झाले की उजव्या हाताने रंगवणाऱ्या शिक्षकाच्या डाव्या खांद्यामागे मुलांची दाटी होते. तिथून कागद शिक्षकाला दिसतो तसाच दिसतो, ब्रश धरलेला हात आड येत नाही आणि थोडे वाकले की ओल्या कागदावरची चकाकीही दिसते. घरी बसून जलरंगाचे धडे रेकॉर्ड करायचे म्हणजे ही जागा कॅमेऱ्याला द्यायची. मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकवते, हौसेने शिकणाऱ्या मोठ्यांनाही शिकवते. या सगळ्यांसाठी धडे रेकॉर्ड करताना एक गोष्ट लक्षात आली. महागडा कॅमेरा कोणता, यापेक्षा कोणता कॅमेरा सांगितल्यावर गप्प बसतो, हे पाहून खरेदी करावी.

वेबकॅम घडवला आहे तो माणसाच्या चेहऱ्यासाठी. समोर चेहरा आहे, मागे खोली आहे, असे गृहीत धरून तो फोकस, उजेड आणि रंग स्वतःच ठरवतो. मीटिंगमध्ये ही सोय असते. कागदावर त्याच सोयीचा त्रास होतो. पांढरा कागद चौकटभर पसरला की कॅमेऱ्याला उजेड फार झाल्यासारखा वाटतो आणि तो कागद राखाडी करून टाकतो. त्यात सावळा हात आला की लगेच सगळे उजळवतो, हात बाजूला झाला की पुन्हा मंद करतो. आकाशाचा मोठा निळा वॉश टाकला की निळा फार झाला असे समजून कागदाला पिवळसर झाक आणतो. ब्रश पुढेमागे झाला की फोकस ब्रशच्या दांड्यावर जातो, तिथून परत कागदावर येतो. शिकणाऱ्याला वाटते, बाईंनी रंग बदलला. रंगाचा टोन शिकवत असताना कॅमेऱ्याने टोनशी खेळणे मला अजिबात चालत नाही.

म्हणून घेण्याआधी बघायचे ते एवढेच, की ऑटोफोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हे तिन्ही हाताने लावून कायम ठेवता येतात का. लॉजिटेकचा सी९२० हा २०१२ सालचा वेबकॅम आजही अनेक शिक्षकांकडे दिसतो तो याचमुळे. फुल एचडी चित्र, सेकंदाला ३० फ्रेम आणि तिन्ही गोष्टींवर आपला ताबा. त्याच कंपनीचा स्वस्त सी२७० स्थिर फोकसचा आहे. चेहऱ्याच्या अंतरावर तो ठीक, पण जवळच्या कागदावरची बारीक रेघ त्याला नीट पकडता येत नाही. फोरके कॅमेऱ्याचा फायदा एकच: पूर्ण चित्र आणि त्यातला जवळून दिसणारा तुकडा, दोन्ही एकाच चित्रणातून काढता येतात. त्यासाठी संगणकही तगडा लागतो. मोबाईलचा कॅमेरा बहुतेक वेबकॅमपेक्षा सरस असतो, हे मान्य. पण तो उलटा टांगला की आपण काय टिपतो आहोत ते आपल्यालाच दिसत नाही, तो तापतो, मध्येच फोन येतो. वेबकॅमचे चित्र समोरच्या मोठ्या पडद्यावर सतत दिसत राहते आणि शिकणारा जे बघणार तेच मी रंगवताना बघू शकते.

अंतराचा हिशेब करूनच खिळा ठोकावा. सी९२० ची दृष्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७८ अंशांची आहे. कागदापासून ४० सेंटिमीटरवर तो टांगला तर साधारण ५६ सेंटिमीटर रुंद आणि ३१ सेंटिमीटर उंच भाग दिसतो. ए३ कागद ४२ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे तो आडवा पूर्ण मावतो आणि बाजूला पॅलेटसाठीही जागा उरते. पॅलेट दिसलेच पाहिजे, कारण रंगात पाणी किती घेतले हे तिथेच कळते. कॅमेरा टांगायचा तो मात्र टेबलाला नव्हे. टेबलाला क्लॅम्प लावला तर खोडरबर घासताना अख्खे चित्र थरथरते. माझा कॅमेरा भिंतीतल्या फळीला लावलेल्या आडव्या दांड्यावर आहे. वेबकॅमच्या पोटाला ट्रायपॉडची पाव इंची आटी असली की हे काम सोपे होते, खरेदी करताना तीही पाहावी.

जलरंगाचा बोर्ड आपण थोडा उतरता ठेवतो. कॅमेराही तेवढाच कलता हवा, नाहीतर चौकोन एका बाजूला निमुळता होतो आणि वर्तुळ लंबवर्तुळ दिसते. भूमिती आणि अक्षरलेखन शिकवताना हे मुळीच परवडत नाही. कागदावर एक चौरस काढून पडद्यावर त्याच्या चारही बाजू पट्टीने मोजल्या की कॅमेरा सरळ आहे की नाही ते कळते. फळी समोरच्या भिंतीला असेल तर चित्र उलटे येण्याची शक्यता असते. ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते १८० अंशांनी फिरवता येते.

उजेडाचा विषय मोठा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकू लागतात. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडले की बहुतेक वेळा ते थांबतात. ट्यूबलाइटखाली छताचा पंखा फिरत असेल तर पात्यांची सावली कागदावर लपलपते. शिवाय पंख्याने वॉश भराभर वाळतो आणि माईकमध्ये घरघरही येते. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, मग उन्हाळा असला तरी. उजेड कमी पडला की अनेक वेबकॅम फ्रेम कमी करून चित्र उजळवतात आणि ब्रशचा फटकारा पुसट होतो. ती सोयही बंद करून उजेडच वाढवावा. मुख्य उजेड डावीकडून आला तर हाताची सावली उजवीकडे पडते आणि ब्रशचे टोक मोकळे राहते.

सेटिंग जुळवण्यासाठी मी एक तपासणीचा कागद केला आहे. त्यावर टू-एच पेन्सिलची हलकी रेघ, लेमन यलोचा अगदी पातळ वॉश, अल्ट्रामरीन, व्हर्मिलियन आणि एक फिरोजी पट्टा आहे. कागद पांढरा दिसावा, पण पिवळा वॉश त्यात हरवू नये, इतपत एक्स्पोजर वाढवायचे. व्हर्मिलियन सपाट, नुसता लाल दिसू लागला तर एक पायरी कमी. फिरोजी मात्र पडद्यावर पूर्ण उतरतच नाही, साध्या पडद्याच्या रंगकक्षेबाहेरचा तो रंग आहे. तो वापरताना मी तसे बोलून सांगते. कॅमेरा काढून पुन्हा जोडला की सेटिंग कधी कधी मूळपदावर जातात, म्हणून सगळे आकडे फळीच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवले आहेत.

आता चकाकीबद्दल. जलरंगात हात किती चालतो यापेक्षा तो कधी थांबतो, हे शिकवायचे असते. कागदावर पाणी साचलेले असते तेव्हा दुसरा रंग सोडला तर तो वाहून जातो. चकाकी मंदावत आली की तोच रंग मऊ पसरतो. चकाकी नुकतीच गेली आणि जास्त ओला ब्रश लागला, की पाणी रंगाला ढकलत नेते आणि कडा असलेला कॉलीफ्लॉवरसारखा डाग पडतो. हा सगळा खेळ त्या चमकेवरून ओळखायचा. आणि वरून टांगलेल्या कॅमेऱ्याला नेमकी ती चमकच दिसत नाही! दिवा बाजूने लावलेला असतो, त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला निघून जाते. दिवा कॅमेऱ्याजवळ आणला तर मधोमध पांढरा ठिपका येतो आणि रंग झाकला जातो.

यासाठी दुसरा कॅमेरा लागतो आणि तो साधा चालतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला, कागदापेक्षा थोडाच उंच ठेवून तो तिरका रोखायचा, म्हणजे ओल्या भागात खिडकीचा उजेड उमटतो आणि वाळलेला भाग निस्तेज राहतो. रेघ अस्पष्ट आली, रंग थोडे चुकले तरी हरकत नाही, त्याच्याकडून फक्त ओल हवी. ओबीएसमध्ये हे चित्र कोपऱ्यात लहान चौकटीत बसवता येते. दोन्ही कॅमेरे एकाच यूएसबी हबवर लावले तर बऱ्याचदा एक बंद पडतो, म्हणून वेगवेगळ्या पोर्टमध्ये जोडावेत.

संकलन करताना वाळण्याची मिनिटे कापून टाकण्याचा मोह होतो, कारण पडद्यावर काहीच घडत नसते. मी ती कापत नाही, पळवतही नाही. त्या वेळात पुढचा रंग पॅलेटवर कालवून ठेवते, त्यात पाणी किती ते दाखवते आणि लहान चौकटीकडे बघायला सांगते. काही मुले घड्याळ लावून मिनिटे लिहून घेतात, त्यांना मी थांबवते. तोच वॉश नागपुरात मे महिन्यात बघता बघता वाळेल आणि रत्नागिरीत जुलैमध्ये चहा पिऊन आलो तरी ओला असेल. म्हणून प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला महिना कोणता, खिडकी उघडी की बंद आणि कागद किती जीएसएमचा, हे तीन तपशील मी आधी सांगते आणि मगच ब्रश ओला करते.