पडून राहिलेला माल कोणाचा?

हंगाम उलटला आणि माल उठला नाही, तर नुकसान कोणी सोसायचे? कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यास हा प्रश्न नवा नाही. माल ज्याने पसंत केला, तोटाही त्याचाच, ही व्यापाराची सरळ रीत. जगातील मोठ्या फॅशन कंपन्यांनी मात्र ही जोखीम बरीचशी शिवणाऱ्याच्या खात्यावर लोटली आहे. स्वतःकडे उरलेल्या मालाचे त्या काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. भाव पडू नये म्हणून ‘बर्बेरी’ या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. ओरड झाल्यावर तिने ही प्रथा थांबवली. पुढे फ्रान्सने असे कपडे नष्ट करण्यास कायद्यानेच मनाई केली. ज्या कापसाला, रंगाला नि पाण्याला किंमत मोजली, ते सारे न वापरताच राख होत होते!

मार्च २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली, तेव्हा जोखीम कोणाकडे आहे ते स्पष्ट दिसले. बांगलादेशातील वस्त्र-निर्यातदारांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३ अब्ज डॉलरच्या मागण्या रद्द किंवा स्थगित झाल्या. त्यांतील काही कपडे शिवून तयार होते. येथे बँकेच्या व्यवहाराचा भाग समजून घेतला पाहिजे. खरेदीदाराने लेटर ऑफ क्रेडिट दिले असेल, तर अटींप्रमाणे कागदपत्रे सादर होताच बँक पैसे देण्यास बांधील असते. परंतु मोठे ब्रँड बहुधा केवळ करारावर, उधारीने माल घेतात. कारखानदाराने मात्र कापड आणण्यासाठी त्याच कराराच्या आधारे आपल्या बँकेत बॅक-टू-बॅक लेटर ऑफ क्रेडिट उघडलेले असते. वरचा करार मोडला तरी खालचे देणे मोडत नाही. मग त्याच्या हाती कमी करण्याजोगी एकच रक्कम उरते, ती मजुरी. टीकेनंतर अनेक ब्रँडनी तयार मालाचे पैसे देण्याचे मान्य केले, हेही नमूद केले पाहिजे.

भाव आणि मुदत यांची ओढ कुठवर जाते, हे त्याच देशाने आधी पाहिले होते. ढाक्याजवळील राणा प्लाझा या इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे दिसले. खालची दुकाने व एका बँकेची शाखा बंद झाली. वरच्या मजल्यांवरील कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. त्या सकाळी इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. एकाच छपराखालचे बँक कर्मचारी घरी राहू शकले, शिलाई कामगार राहू शकले नाहीत. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला हा फरक विसरता येत नाही.

आपल्या बाजारात उधारीचे रूप वेगळे, पण ओझे तसेच खाली उतरते. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागधारकाचे पैसे थकले की दुहेरी फटका बसतो. नव्वद दिवसांपलीकडची येणी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. म्हणजे पैशांची निकड असते त्याच वेळी कॅश क्रेडिटची मर्यादाही आक्रसते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकाला करार नसल्यास १५ आणि असल्यास कमाल ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक केले. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. पण पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने ते मागायला कोण जाणार?

म्हणून २०२३-२४ पासून आयकरातील ४३ब(एच) कलमाने दुसरी बाजू आवळली. मुदत उलटून वर्षअखेर थकीत राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा होत नाही, प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी होते. व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली. काही खरेदीदार तर नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळू लागल्याची तक्रार झाली. रोकड अडकते ही अडचण खरी आहे. किरकोळ दुकानदार पेढीलाही वेळेवर देत नाही. तरीही ४५ दिवसांची झळ पेढीला जेवढी सोसवते तेवढी चार मागांच्या मालकाला सोसवत नाही, असे माझे मत आहे. मार्चअखेरीस देणेकऱ्यांची यादी काढताना त्यांतील नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादक कोणते, हे निदान वेगळे लिहून पाहावे.